विषय: लॅपटॉप झोपेतून जागा होत नसल्याबाबत

त्या दिवशी मी ठरवलं, की लॅपटॉपचं पॉवरचं बटण पुन्हा म्हणून दाबायचं नाही. एवढ्याशा निर्णयातून पुढे काय काय निघणार आहे, हे कळलं असतं तर मी निर्णयच घेतला नसता. (चौतीस वर्षं नोकरीत मी तेच केलं आणि हेडक्लार्क होऊन रिटायर झालो.)

बटणावर माझा राग होता, त्याला कारण होतं. चिखलोलीच्या आमच्या नव्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. (निवडणूक वगैरे झाली नाही. सभेत ‘सेक्रेटरी कोण होणार?’ असं विचारलं, तेव्हा नेमका मी पाणी प्यायला उभा राहिलो होतो.) वार्षिक सभेचं इतिवृत्त मी तीन पानं टाइप केलं, चहा ठेवायला उठलो, परत येऊन बघतो तर पडदा काळा. लॅपटॉप झोपला होता. स्पेसची कळ दाबली, काही नाही. एंटर दाबली, काही नाही. मग कोपऱ्यातलं बटण दाबलं आणि घाबरून दाबूनच धरलं. आतून एक सुस्कारा आला आणि लॅपटॉप कायमचा गप्प झाला. म्हणजे नंतर तो सुरू झाला, पण माझी तीन पानं परत आली नाहीत. तेव्हापासून बटण वर्ज्य. लॅपटॉपला स्वतःचा कीबोर्ड आहे, त्याने त्यालाच उठवलं पाहिजे, एवढी साधी माझी मागणी होती.

खालच्या मजल्यावरचे हरिचंद्र भोईर तेव्हा बाजूलाच बसले होते. ज्या जागेवर आमची बिल्डिंग उभी आहे ती पूर्वी त्यांची भातशेती. आता दोन फ्लॅट मिळालेत, पण लिफ्ट त्यांना अजून परकी वाटते, म्हणून ते जिने चढून माझ्याकडे येतात आणि दम खायला तासभर बसतात.

“सायेब, ह्या निजला त निजू द्या ना,” ते म्हणाले. “नायतर बटन दाबा.”

“बटण दाबायचं नाही.”

“मग बटन दिलाय कला?” (कला म्हणजे कशाला.)

शेतकऱ्याला तंत्रज्ञान कुठे समजावत बसायचं, म्हणून मी विषय बदलला.

विषयावरून आठवलं. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात आवक-जावक विभागात होतो. आमचा एकच नियम होता: ज्या पत्रावर ‘विषय’ नाही, ते पत्र स्वीकारायचं नाही. एकदा एका कामगाराने नुसतं ‘साहेब, माझं दुःख ऐका’ असं लिहून आणलं होतं. मी ते परत केलं. म्हटलं, वर विषय लिही. तो म्हणाला, दुःख हाच विषय आहे. मी म्हटलं, मग ‘दुःखाबाबत’ असं लिही. त्याने लिहिलं आणि पत्र आवक झालं. सांगायचा मुद्दा असा, की चौतीस वर्षं ही सवय अंगात मुरली आणि आता मला विषयाशिवाय कुणाला फोनसुद्धा करता येत नाही.

आणि फोन करावा असं तर फार वाटायचं. माझा मुलगा राजरत्न बंगलोरला आयटीत आहे. त्याला नोव्हेंबरात मुलगा झाला. माझी बायको यशोधरा सुनेच्या, श्रद्धाच्या बाळंतपणाला म्हणून गेली, तिला आता तीन महिने होत आले. न्यायला आला तेव्हा राजरत्न मलाही म्हणाला होता, “बाबा, तुम्हीपण चला ना.” मी म्हणालो, “बघू.” आमच्या ऑफिसात साहेब ‘बघू’ म्हणाले, की आम्ही पेढे आणायचो. राजरत्नच्या ऑफिसात ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होत असावा. त्याने दोनच तिकिटं काढली. पुन्हा कुणी विचारलं नाही आणि मीही स्मरणपत्र दिलं नाही.

घरात मग मी आणि लॅपटॉप. एकदा चार दिवस दाराची बेल वाजली नाही, तेव्हा मला वाटलं बिघडली असेल. बाहेर जाऊन स्वतःच दाबून पाहिली. चांगली खणखणीत वाजली. (आत जाऊन ‘कोण आहे?’ असं विचारायचंही मनात आलं, पण समोरच्या फ्लॅटमधल्या बाई बघत होत्या.) यशोधराचा फोन यायचा, पण तो तपासणी पथकासारखा. “जेवलात? गॅस बंद केला? गोळी घेतली? बरं, ठेवते, पिल्लू उठलं.” मी तीन वेळा ‘हो’ म्हणेपर्यंत फोन संपलेला. राजरत्नचा फोन आठवड्यातून एकदा, तोही ‘जय भीम बाबा, सगळं ओके ना?’ एवढाच. ओकेच होतं. ओके नाही असं म्हणायला काहीतरी बिघडायला हवं ना.

तर लॅपटॉप घेऊन मी उल्हासनगरला, कॅम्प एकच्या बाजारात गेलो. दुकानदाराने तो उघडला, बटण दाबलं, लॅपटॉप उठला.

“अंकल, मशीन एकदम फर्स्ट क्लास है.”

“बटणाने नाही. याच्या स्वतःच्या कीबोर्डाने उठला पाहिजे.”

“बटन में क्या प्रॉब्लेम है?”

“बटण दाबायचं नाही.”

त्याने आधी माझ्याकडे आणि मग आत बसलेल्या त्याच्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी तिथूनच विचारलं, “अंकल अकेले रहते हैं क्या?”

मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? वडील म्हणाले, कुछ नहीं, ऐसे ही पूछा. मग मुलाने मला बाहेरून लावायचा एक वेगळा कीबोर्ड दिला. तो जोडला आणि त्याच्या कोणत्याही कळीला हात लावला, की लॅपटॉप टुणकन जागा! स्वतःच्या कीबोर्डाने मात्र ढिम्म हलायचा नाही. घरच्यांनी हाका मारल्या तर ओ द्यायची नाही आणि पाहुण्याच्या आवाजाने उठून बसायचं, असले नवरे मी पाहिलेत.

आता खरं सांगायचं तर बाहेरच्या कीबोर्डाने माझं काम भागत होतं. पण घरी येऊन चहा पिताना माझ्या लक्षात आलं, की मला विषय मिळाला आहे. मी फोन घेतला आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं:

‘प्रति, चि. राजरत्न. विषय: लॅपटॉप स्वतःच्या कीबोर्डाने झोपेतून जागा होत नसल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर लॅपटॉप बाहेरील कीबोर्डाने जागा होतो, परंतु अंगच्या कीबोर्डास दाद देत नाही. तरी उचित मार्गदर्शन व्हावे. आपला विश्वासू, बाबा.’

पाच मिनिटांत व्हिडिओ कॉल! चौतीस वर्षांत माझ्या कुठल्याही पत्राला इतक्या लवकर उत्तर आलं नव्हतं.

“जय भीम बाबा. काय झालं? दाखवा मला. फोन लॅपटॉपसमोर धरा. समोर, बाबा. आता तुमचं कपाळ दिसतंय. आता पंखा. हां, तिथेच. हलवू नका.”

मग त्याने मला लॅपटॉपच्या पोटात शिरवलं. डिव्हाइस मॅनेजर नावाचं एक प्रकरण असतं, त्यात यंत्राच्या सगळ्या अवयवांची हजेरी लावलेली असते. त्यात कीबोर्ड शोधायचा. तिथे दोन कीबोर्ड निघाले. मी अर्थातच पाहुण्याचा उघडला. त्यावर वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं फार छान गेली. मागे कुकरची शिटी झाली, यशोधरा कुणावर तरी ओरडली, आणि एकदा तर राजरत्नच्या खांद्यावर एक पिटुकलं डोकं येऊन टेकलं. त्याला जावळ चांगलं आहे. आमच्या घराण्यात नाही, ते सुनेकडून आलं असावं.

“आज राहू दे बाबा. उद्या परत बघू.”

‘परत बघू’ ऐकून पेढे आणायचेच काय ते बाकी होते.

असे चार दिवस गेले. रोज साडेआठला फोन. मी साडेसातपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. कधी मला टिचकी दोनदा मारायची आठवण राहायची नाही, कधी चष्मा सापडायचा नाही. (चष्मा एकदा खरोखरच सापडत नव्हता. बाकी वेळा तो खिशात होता.) मध्येच मी विचारायचो, “पिल्लू झोपलं का?” मग तो फोन घेऊन आत जायचा आणि मला पिल्लू दिसायचं.

पाचव्या दिवशी बरोबर जागा सापडली. तिथे एका चौकटीपुढे इंग्रजीत लिहिलं होतं, की या उपकरणाला कॉम्प्युटर जागा करण्याची परवानगी आहे. चौकट रिकामी होती. मी थक्क झालो. इतके दिवस मी त्या बिचाऱ्या कीबोर्डाला नावं ठेवत होतो आणि त्याच्याकडे मंजुरीच नव्हती! तो आपला नियमाने गप्प बसला होता. माझ्यासारखाच होता तो. मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

मी चौकटीत टिक केली, लॅपटॉप झोपवला, स्पेस दाबली. पडदा लख्ख उजळला.

“झालं!” राजरत्न म्हणाला. “चला बाबा, सुटला प्रॉब्लेम. ठेवतो.”

फोन सात मिनिटांत संपला. सुटलेल्या प्रॉब्लेमइतकी वाईट गोष्ट घरात दुसरी नाही.

दुसऱ्या दिवशी साडेआठ वाजले. कुणाचा फोन आला नाही. शर्ट मात्र मी घातला होता. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी लॅपटॉप उघडला, स्पेस दाबली, तो शहाण्यासारखा लगेच उठला, आणि त्याचं ते शहाणपण मला बघवेना. मी डिव्हाइस मॅनेजरमध्ये गेलो. (आता वाट पाठ झाली होती. चष्म्याशिवायसुद्धा जाता येत होतं.) आणि परवानगी रद्द केली.

‘विषय: पूर्वीच्याच विषयाबाबत. स्मरणपत्र क्र. १.’

पाच मिनिटांत फोन!

“अरे? परवा तर चालत होतं ना? अपडेट आलं असणार बाबा. अपडेट आलं की सेटिंग उडतात.”

“असेल,” मी म्हणालो. अपडेटचं नाव मी वहीत लिहूनही ठेवलं. चांगलं कारण होतं.

महिन्याभरात स्मरणपत्र क्रमांक तीनपर्यंत आम्ही आलो. गुन्हा करणाऱ्याला नेमकं कुठे थांबावं कळत नाही ते असं. मी आपला मजेत होतो, पण तिकडे राजरत्नच्या डोक्यात ते बसलं. हाडाचा आयटीवाला तो. ऑफिसातल्या मित्रांना विचारलं, इंग्रजीत कुठे कुठे तक्रारी टाकल्या. कुणीतरी सांगितलं, मदरबोर्ड बदला. आणि एका बुधवारी तो म्हणाला,

“बाबा, शनिवारी मीच येतो. दोन दिवस रजा टाकतो. तो लॅपटॉप एकदा नीट बघतोच.”

पोरगा येणार! बुधवार ते शनिवार मोजायला मी बोटं बाहेर काढली, आणि तेवढ्यात फोनमधून यशोधराचा आवाज आला. तिला वाटलं असावं फोन ठेवलाय.

“राजा, अरे पिल्लूचं अंग गरम आहे. परवा लस टोचलीय, श्रद्धा दोन रात्री झोपली नाही. आणि तू त्या डबड्यासाठी चिखलोलीला निघालास? त्यांना म्हणावं, वहीत लिहा सभेचे मिनिट्स.”

“आई, बाबा एकटे आहेत तिकडे. तेवढंच एक त्यांना करमणुकीला आहे.”

मी बोटं मिटली.

माणूस फार तर स्वतःच्या एकटेपणासाठी कीबोर्डाची परवानगी काढून घेईल, पण तापलेल्या नातवाचा बाप काढून घेणं मला जमेना. मी म्हणालो, “राजरत्न, येऊ नकोस. टिक मी काढतो.”

“म्हणजे?”

“तू लावलीस की मी काढतो. तीनदा काढली. तुला कळलंच असेल म्हणा, तू काही बोलला नाहीस एवढंच.”

“मला?” तो म्हणाला. “मला वाटलं अपडेट!”

म्हणजे त्याला पत्ताच नव्हता! न पकडलेल्या गुन्ह्याचा कबुलीजबाब देणारा कारखान्याच्या इतिहासात मीच पहिला असेन.

“पण का, बाबा?”

“फोनला काहीतरी विषय लागतो ना रे.”

मला वाटलं लाइन गेली, म्हणून मी फोन हलवून बघितला.

“विषय कशाला लागतो?” तो शेवटी म्हणाला. “असाच करायचा.”

“तू केलास का कधी असाच?”

हे मला बोलायचं नव्हतं, बोलून गेलो. तो खालच्या आवाजात म्हणाला, “नाही केला. चुकलंच माझं. पण तुम्ही करा, बाबा. कधीही करा. विषय नको, काही नको. वाटलं की लावायचा.”

ऐकायला हे सोपं वाटतं. मला चार दिवस लागले. फोन हातात घ्यायचो आणि पहिलं वाक्य सुचायचं नाही. हरिचंद्रांना विचारलं, तुम्ही मुलीला फोन करता तेव्हा काय बोलता? ते म्हणाले, “काय नाय. ती बोलतं, मी आयकतंय.” याचा मला काही उपयोग नव्हता, कारण आमच्याकडे दोन्ही बाजूंनी ऐकणारेच होते.

अखेर रविवारी दुपारी अडीच वाजता, जेवण झाल्यावर, कसलाही विषय न ठरवता मी राजरत्नला फोन लावला. विनाविषय. एक रिंग वाजली, फोन उचलला गेला आणि पलीकडून रडण्याचा असा काही आवाज उठला, की मी फोन कानापासून लांब धरला.

“अहो!” फोन यशोधराने उचलला होता. “दोन तास मांडीवर हलवून हलवून आत्ता डोळा लागला होता त्याचा! आत्ता! उठवलात ना? काय काम होतं?”

“काही नाही.”

“काही नाही?”

“असाच केला. राजरत्न म्हणाला होता, असाच करायचा.”

पलीकडे नातू पूर्ण ताकदीने रडत होता. माझा लॅपटॉप उठवायला दोन महिने लागले, आणि याला एका रिंगेत उठवलं होतं.

“असाच करायचा काय!” ती कडाडली. “उठवलंत ना? मग आता इथे या आणि तुम्हीच झोपवा त्याला! तीन महिने झाले, आजोबा म्हणे ‘बघू’! काय बघताय तिथे बसून?”

मी उभा राहिलो. बायकोच्या रागाला उभं राहायची जुनी सवय आहे. पण हा तोंडी आदेश होता आणि तोंडी आदेशावर मी कधी कारवाई केलेली नाही. चाचरत म्हणालो, “हे जरा लेखी पाठवशील का?”

फोन आपटला गेला. मी बसून राहिलो. वाटलं, संपलं. दहा मिनिटांनी व्हॉट्सॲप वाजलं. यशोधरा सहसा टाइप करत नाही, तिला त्या बारक्या अक्षरांचा कंटाळा आहे. तिने लिहिलं होतं:

‘या.’

वर विषय नाही, संदर्भ नाही, खाली सही नाही. इतकं नियमबाह्य पत्र मी आयुष्यात स्वीकारलं नव्हतं. ते मी स्वीकारलं, आणि मग जरा वेळ चष्मा पुसत बसलो.

लगेच तिकीट काढायचं म्हणून लॅपटॉपकडे गेलो. (फोनवरची तारीख मला आठ आहे की तीन ते कळत नाही.) तो झोपला होता. स्पेस दाबली. काही नाही. एंटर दाबली. काही नाही. बाहेरचा कीबोर्ड मी दोनच दिवसांपूर्वी सोसायटीच्या वॉचमनच्या पोराला परीक्षेच्या सरावाला दिला होता. या वेळी शपथेवर सांगतो, कबुलीनंतर लावलेली टिक मी काढली नव्हती. आदल्या दिवशी खरंखुरं अपडेट आलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. घाईघाईने मुलाला लिहिलं:

‘विषय: लॅपटॉप जागा होत नसल्याबाबत. या वेळी खरोखर. अपडेट आले होते.’

राजरत्नने हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेले चार चेहरे पाठवले आणि खाली लिहिलं, ‘बाबा, अपडेटने कधी टिक जाते का? कोणी सांगितलं तुम्हाला?’

सांगणारा तोच होता! तेवढ्यात हरिचंद्र जिने चढून आले, धापा टाकत बाजूला बसले, काळ्या पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी ‘नको, नको’ म्हणेपर्यंत अंगठ्याने बटण दाबून मोकळे झाले. हलकेच, एकदाच. पडदा उजळला. सगळं जिथल्या तिथे होतं.

“एवराच व्हता?” त्यांनी विचारलं.

“एवढंच होतं,” मी म्हणालो, आणि तिकीट काढलं.

निघालं. वेटिंग लिस्ट एकशे बारा. माझा अर्ज विचाराधीन आहे.